मॅडमची बदली

रायपूरच्या गुढियारीत आपल्याइतका जाणता माणूस दुसरा नाही, अशी गंगाधररावांची नोकरीभर खात्री होती. निवृत्त झाल्यावर पाच कोंबड्यांनी ती पार मोडून काढली. ही हकीकत आता ते स्वतःच चारचौघांत सांगतात आणि ऐकणारा हसायच्या आधी स्वतः हसून घेतात. "लोकं हसल्यावर मंग आपून हसलो तं त्यात काय मजा हाय, बाप्पा," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. गंगाधररावही रेल्वेच्याच एका ऑफिसात चिकटले आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडले. ऑफिसात आपला मोठा दरारा होता असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात लोक त्यांना टाळत, कारण साधी रजा मागायला गेलं तरी आधी शिस्तीवर व्याख्यान ऐकावं लागे. निवृत्तीच्या दिवशी हार पडले, शाल मिळाली, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गंगाधरराव फाटकाशी उभे राहिले तेव्हा त्यांना विचारायला कोणीही आलं नाही. त्यांच्यावाचून ऑफिस व्यवस्थित चाललं होतं. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली, पण बोलायची कोणाजवळ?

मग त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. विजयाबाईंना फोडणी केव्हा घालायची, पिठात पाणी किती घालायचं, झाडू कोणत्या कोपऱ्यातून सुरू करायचा, हे सगळं ते सांगू लागले. विजयाबाईंनी आठवडाभर ऐकून घेतलं. मग एके दिवशी हातातला झारा ओट्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "तुमाले हुकूम सोडाले कोणीतरी पायजे ना? मंग काहीतरी पाळा. मले नोका पाळू."

कुत्रा उलटून भुंकतो आणि मांजर ऐकत नाही, हे गंगाधररावांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कोंबड्या निवडल्या. भाद्रपदात अभनपूरकडच्या एका हॅचरीतून पाच तपकिरी तलंगा घेऊन ते आले. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली जाळीचं खुराडं बांधून घेतलं. सुतार तिसऱ्या दिवशी पळून गेला, तेव्हा उरलेलं दार त्यांनी स्वतः बसवलं. ते आजही जरा उचलूनच लावावं लागतं.

त्या पाचांतली एक जरा ऐटीत चाले. मान वर, पाऊल मोजून, आणि दाणे टाकले तरी धावत यायची नाही. बाकीच्यांचं चोच घालणं झालं की सावकाश यायची आणि सगळ्या बाजूला व्हायच्या. गंगाधररावांच्या ऑफिसात एक वरिष्ठ बाई अशाच चालत. म्हणून त्यांनी तिचं नाव मॅडम ठेवलं. नोकरीभर त्या बाईंपुढे उभं राहताना गंगाधररावांना घाम फुटायचा. आता मॅडमला 'हट' म्हणायची सोय झाली, याचं त्यांना मनातून बरंच समाधान होतं.

मुलगी देवश्री धमतरीला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर. घरात जनावरांचा डॉक्टर असताना वडिलांनी कोंबड्या आणल्या, तर कोणीही शहाणा माणूस आधी एक फोन करील. गंगाधररावांनी फोन केला, पण तो कोंबड्या आणल्यावर, आणि विचारायला नव्हे, कळवायला. देवश्री लहानपणापासून मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. "बाबा, मैं बता दूं क्या-क्या ध्यान रखना है?" ती म्हणाली. गंगाधरराव म्हणाले, "मले कोणी शिकवाची गरज नाही, पोरी. मी चाळीस माणसं सांभाळली. ह्या तं पाचच हायेत."

आणि दिवाळी आली.

गुढियारीच्या त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मराठी घर हे एकच. दिवाळीत बाकीच्या घरांवर चिनी माळा लुकलुकतात. गंगाधररावांकडे मात्र दरवर्षी बांबूच्या कामट्यांचा, पतंगी कागदाचा आकाशकंदील असतो आणि तो ते स्वतः करतात. तोही एवढा मोठा की दारातून बाहेर काढताना आडवा करावा लागतो. शेजारी दुमजली इमारत उभी राहिल्यापासून पुढच्या गॅलरीतला कंदील रस्त्यावरून दिसेनासा झाला होता. मराठी माणसाचा कंदील दिसलाच नाही तर उपयोग काय? यंदा त्यांनी तो कोजागिरीलाच मागच्या पेरूच्या उंच फांदीवर बांधला, कारण तिथून तो थेट मोठ्या रस्त्यापर्यंत दिसे. आत जुना पिवळा दिवा घातला, चांगला झगझगीत. फांदी बरोबर खुराड्यावर होती, ही गोष्ट त्यांच्या लक्षातही आली नाही.

घरात मात्र याच गृहस्थाचा असा नेम, की खोलीतून माणूस बाहेर पडला की मागोमाग ते बटण बंद करणार. विजयाबाई देवघरातून दोन पावलं सरकल्या की देवघर अंधारात. पण कंदिलाला हा नियम नव्हता. सणातला कंदील संध्याकाळी लागायचा आणि निजायच्या वेळेपर्यंत, कधी विसरला तर पहाटेपर्यंतही, जळायचा. धर्माच्या बाबतीत गंगाधरराव हात आखडता घेत नसत.

वसुबारसेच्या सुमारास मॅडमने पहिलं अंडं दिलं. छोटंसं, तपकिरी, एका टोकाला जरा वाकडं. गंगाधररावांनी ते हातात धरून पाऱ्यातल्या पाच घरांना दाखवलं. नंतर बाकीच्याही अंड्यावर आल्या. दिवाळीभर अंडी त्यांच्या घरात मावेनात. मग त्यांनी ती वाटायला सुरुवात केली, आणि प्रत्येक अंड्याबरोबर थोडं थोडं मार्गदर्शनही.

मराठी मंडळींच्या दिवाळी मेळाव्यात नरहररावांनी त्यांना बोलायला उभं केलं. नरहरराव म्हणजे सदर बाजारातले कापडाचे व्यापारी. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं. स्वभाव असा, की गंभीर चेहऱ्याने माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि खाली उभं राहून गंमत पाहायची. गंगाधररावांना हे कळत नव्हतं असं नाही. पण झाडावर चढण्यातलं सुख त्यांना सोडवलं नाही.

"कोंबडीले काय लागते?" त्यांनी माईकवर विचारलं. "लोकं म्हणतात खुराक. मी म्हणतो शिस्त! रोज सकाळी मी त्यायची हजेरी घेतो. नाव घेतलं का मान वर झाली पायजे. आणि माझ्या हातचं मिश्रण, ज्वारी, जवस अन् ठेचलेला लसूण. दोन महिन्यात पाच तलंगा अंड्यावर! हे डॉक्टरकीच्या पुस्तकात नाही भेटत."

टाळ्या पडल्या. दोघा-तिघांनी मिश्रणाचं प्रमाण लिहून घेतलं. विजयाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या कौतुकाने पाहत आहेत असं गंगाधररावांना वाटलं. नंतर कळलं की त्या दिवसभराच्या धावपळीने तिथेच पेंगल्या होत्या.

त्रिपुरी पौर्णिमा झाली. पौर्णिमेनंतर कंदील ठेवायचा नाही, हा रिवाज. शिवाय सणाचा खर्च सण सरल्यावर कशाला? दुसऱ्याच सकाळी गंगाधररावांनी शिडी लावली, कंदील उतरवला, दिवा काढून कपाटात ठेवला आणि हात झटकले. त्या संध्याकाळी अंगणात लवकर अंधार पडला. कोंबड्या कुरकुर करत दांडीवर चढल्या आणि गप्प झाल्या. गंगाधररावांना वाटलं, काय शिस्त आहे!

थोड्याच दिवसांत अंडी कमी झाली. पाचाची चार, चाराची दोन, आणि मग एके सकाळी खुराड्यात हात घातला तर नुसता पेंढा हाताला लागला. मागोमाग पिसं झडू लागली. आधी मानेची, मग पाठीची. गंगाधररावांच्या अंगणात कोणी उशी फाडल्यासारखं दिसू लागलं. लालबुंद तुरे सुकून फिके पडले. मॅडमची तर सगळी ऐट गेली. मान उघडी पडल्यामुळे ती त्या वरिष्ठ बाईंसारखी न दिसता गंगाधररावांच्या एका काकांसारखी दिसू लागली.

गंगाधररावांनी उपाय केले, आणि तेही एकदम सगळे. लसूण दुप्पट केला, तेव्हा कोंबड्यांनी खाणंच सोडलं. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची धूळ इथवर येते म्हणून खुराड्याला जुनं धोतर गुंडाळलं. त्यामुळे जो काही उजेड आत जात होता तोही थांबला. शेजाऱ्याची नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवल्या. शेवटी रोज सकाळी पुढे उभं राहून समज द्यायला सुरुवात केली. "तुमचं काम समाधानकारक नाही," हे वाक्य ते पूर्वी ऑफिसात ज्या आवाजात म्हणत त्याच आवाजात म्हणू लागले. कोंबड्या त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहत आणि मान फिरवत. ऑफिसातही साधारण असंच व्हायचं.

"देवश्रीले फोन लावा," विजयाबाई म्हणाल्या.

"कायले? ते हसन मले."

"हसू द्या ना. हसल्यानं का तुमची उंची कमी होते?"

गंगाधररावांनी फोन लावला नाही. मेळाव्यात माईकवरून डॉक्टरकीच्या पुस्तकांना जे सुनावलं होतं, त्याचा व्हिडिओ कोणीतरी देवश्रीला पाठवला होता. तिने उत्तरात फक्त टाळ्यांचं चित्र पाठवलं होतं. आता कोणत्या तोंडाने विचारायचं?

पण लोक अंडी मागत होते, आणि नाही म्हणणं गंगाधररावांच्या जिवावर येत होतं. एवढी सोन्यासारखी इभ्रत आत्ता कुठे पुन्हा मिळाली होती. तेव्हा त्यांनी जे केलं ते सांगताना आजही त्यांचे कान लाल होतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून त्यांनी अंडी आणली. ती निघाली पांढरी, आणि यांच्या कोंबड्यांची तपकिरी म्हणून सगळीकडे प्रसिद्धी! मग विजयाबाई देवळात गेल्या असताना त्यांनी पातेलंभर कडक चहा उकळला, निवू दिला, आणि त्यात अंडी बुडवून ठेवली. रंग बऱ्यापैकी चढला. ती अंडी पिशवीत घालून ते ऐटीत सदर बाजारात नरहररावांच्या दुकानी गेले.

नरहररावांनी एक अंडं उचललं. उजेडाकडे धरलं. मग नाकाशी नेलं.

"गंगाधर," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुया कोंबड्या आजकाल चहा पिऊन राहिल्या का?"

दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हसली. कापड दाखवणारा नोकर ठाण मांडीवर घेऊन हसत बसला. गंगाधरराव काहीतरी पुटपुटत बाहेर पडले, आणि स्कूटरवरून घरी येईपर्यंत त्यांचा सगळा राग कोंबड्यांवर आला. नेमका कोणावर काढायचा? मॅडमवर. सगळ्यात आधी अंडी तिने बंद केली होती. पुढारी तीच. ऑफिसात त्यांचा एक जुना सिद्धांत होता, की दहा माणसं काम करत नसतील तर एकाची बदली करावी, बाकीचे आपोआप कामाला लागतात. हा सिद्धांत नोकरीत एकदाही खरा ठरला नव्हता. पण सिद्धांतावरची त्यांची श्रद्धा अढळ होती.

त्याच दिवशी त्यांनी मॅडमला पिशवीत घातलं आणि उरल्याच्या रस्त्यावर हरिदासच्या चिकनच्या दुकानात नेलं. विजयाबाई दारात येऊन म्हणाल्या, "अवो, तिनं काय केलं? अंडं नाही देलं तं का जीव घ्याचा?"

"जीव कोण घेऊन राहिलं? बदली हाय," गंगाधरराव म्हणाले.

हरिदासने पिशवीत डोकावून विचारलं, "काट दूं, काकाजी?"

गंगाधररावांनी दुसरीकडे पाहिलं. "तुझी मर्जी," एवढंच म्हणाले आणि निघाले.  

घरात त्यानंतर विजयाबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. भात वाढू का, पाणी आलं, दूधवाला आला. उरलेल्या चार कोंबड्या कामाला लागल्या नाहीत. पिसं तेवढी हळूहळू पुन्हा फुटू लागली, पण अंड्याचा पत्ता नाही. रोज सकाळी हजेरी घेताना गंगाधररावांच्या तोंडात आधी मॅडमचं नाव येई. ते गिळून पुढचं नाव घ्यावं लागे. शेवटी त्यांनी हजेरीच बंद केली. खुराड्याकडे जायलाच त्यांना नको वाटू लागलं, आणि म्हणून संक्रांतीच्या आसपास त्यांनी ठरवलं की हा खेळ पुरे. चारही कोंबड्या हरिदासकडे पोचवायच्या, खुराडं मोडायचं आणि या विषयावर कोणाशी बोलायचं नाही.

"मी पाहाले येत नाही," विजयाबाई म्हणाल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. झाकणाच्या टोपलीत चौघी कोंबल्या तेव्हा त्या ओरडल्या. देवघरातून घंटा जरा जोरातच वाजली.

हरिदासचं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. उरल्याच्या कारखान्यांत पाळीने जाणारी माणसं उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर तिथून चिकन घेत. त्यामुळे दुकान भल्या पहाटे उघडे ते रात्रपाळीची माणसं जाईपर्यंत बंद होत नसे, आणि पिंजऱ्यांवर एक मोठा दिवा सतत जळत असे. गंगाधररावांनी टोपली खाली ठेवली. वर पाहिलं आणि तसेच थांबले.

कोपऱ्यातल्या वेगळ्या पिंजऱ्यात मॅडम उभी होती. अंगावर नवी कोरी तपकिरी पिसं, तुरा कुंकवासारखा लाल, मान वर. तिच्या पायाशी गोणपाटावर एक अंडं होतं.

"हरिदास," गंगाधरराव पिंजऱ्याजवळ जात म्हणाले. "ही... ही जिवंत हाय?"

"हव, काकाजी!" हरिदास खुशीत म्हणाला. "अंडे वाली लेयर का मांस तो रबर जैसा होता है, कोई गिराहिक लिया ही नहीं. पड़ी रही, पड़ी रही, फिर एक दिन देखा तो अंडा! अब तो रोज देवत हे. मेरी कनकी का कमाल है. चावल की कनकी, टूटे दाने, खिलाता हूं, बस, और कुछ नहीं." शेजारच्या पानवाल्याकडे पाहून त्याने जोडलं, "सबको बोलता हूं, मुर्गी पालना है तो हमसे सीखो."

हा आवाज गंगाधररावांच्या ओळखीचा होता. मेळाव्यातल्या माईकवरून त्यांनी तो स्वतःच काढला होता. ते मुकाट्याने बाजूला गेले आणि त्यांनी देवश्रीला फोन लावला. या खेपेला विचारायला.

तिने सगळं ऐकून घेतलं. चहाची गोष्टसुद्धा त्यांनी सांगून टाकली. ती हसली नाही, आणि हेच त्यांना जास्त जड गेलं. तिने एकच प्रश्न विचारला. "बाबा, मुर्गियों को दिन में उजाला कितना मिलता था?"

"उजाला? सूर्याचा जेवढा मिळते तेवढा."

"दिवाली में?"

"दिवाळीत तं आकाशकंदील..." गंगाधरराव बोलता बोलता थांबले. त्यांनी वर पाहिलं. हरिदासचा दिवा मॅडमच्या डोक्यावर भर दुपारी जळत होता.

देवश्रीने मग समजावून सांगितलं, थोडं हिंदीत, आणि बाबांना नीट उमजावं म्हणून थोडं मराठीतही. कोंबडी अंडं देते ती उजेडाच्या हिशेबाने. उजेड तिला नुसता डोळ्यांनीच कळतो असं नाही, डोक्याच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत झिरपतो. दिवस मोठे होत गेले की तिच्या अंगाला कळतं, अंड्याचे दिवस आले. चौदा-सोळा तास उजेड मिळत राहिला तर ती देत राहते. दिवस आखडले, आणि त्यातही उजेड एकदम तुटला, तर तिचं अंग म्हणतं, थांब, आता पिसं बदल. "आपने दिवाली भर उनको गर्मी का दिन दिखाया, बाबा. फिर एक शाम में सीधा जाड़े की लंबी रात. ऊपर से खुराडे को धोती भी लपेट दी. लसूण का कोई दोष नहीं. शिस्तीचा पण नाही."

"म्हणजे अंडी माझ्यामुळे नव्हती?"

"अंडी कंदिलामुळे होती."

"आणि बंद माझ्यामुळे झाली?"

 "हां, बाबा," ती म्हणाली. मग पुढे काय करायचं ते ती सांगू लागली. चौघींना परत घरी न्या. पिसं पुरती भरू द्या. मग छोटा दिवा लावा, पेपर वाचता येईल इतकाच उजेड पुरे, आणि तो संध्याकाळी लांबवण्यापेक्षा पहाटे लावा, म्हणजे दिवा एकदम विझल्याने त्या दांडीवर चढायच्या आत अंधारात सापडत नाहीत. रोज थोडा थोडा वाढवा, आणि वाढवल्यावर मधेच काढू नका. गंगाधरराव "हव, हव" म्हणत राहिले. मुलीचं ऐकून घ्यायला त्यांना एवढा वेळ कधी लागला नव्हता, कारण त्यांनी ऐकूनच कधी घेतलं नव्हतं.

फोन ठेवून ते परत आले. टोपली उचलली. मग जरा घसा खाकरून म्हणाले, "हरिदास, ह्या चौघी मी परत नेतो. आणि... मॅडमलेही नेतो."

"किसको?"

"त्या कोंबडीले. माझीच हाय ना ते."

हरिदासचा हात लाकडी ओंडक्यावरच्या सुऱ्याजवळ थांबला. तो रागावला नाही. त्याला खरोखरच नवल वाटलं. "काकाजी," तो म्हणाला, "आपने तो इसको काटने के लिए दिया था."

 ऑफिसात गंगाधररावांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर सुचे. नियम, पोटनियम, जुना दाखला, काहीतरी. इथे त्यांनी टोपलीचं झाकण उगीचच नीट केलं. दिवसभर कोंबड्या कापणाऱ्या माणसाने तिला कापलं नव्हतं, आणि हजेरी घेणाऱ्या माणसाने तिला आणून टाकलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की मागून आलेल्या गिऱ्हाइकाला वाट द्यायचंही भान राहिलं नाही.

हरिदासला बहुतेक कीव आली. "चलो, आ गई तो ले जाओ," म्हणत त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. गंगाधररावांनी हात पुढे केला आणि हळू आवाजात तिचं नाव घेतलं. हजेरीतलं नव्हे, नुसतं. मॅडमने एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती दोन पावलं मागे सरकली, आणि अंड्यावर जाऊन बसली.

त्यांनी तिला ओढलं नाही. दार त्यांनीच लावलं.

घरी पोचले तेव्हा विजयाबाई देवघरातून उठल्या नव्हत्या. टोपली अंगणात ठेवल्याबरोबर आतून कोंबड्यांचा ओरडा झाला, आणि तो ऐकून त्या धावत बाहेर आल्या. गंगाधररावांनी चौघींना खुराड्यात सोडलं, धोतर सोडून टाकलं आणि शिडी आणली. माळ्यावरून आकाशकंदील काढला, आणि पिसं भरली की पहाटे लावायला आत छोटा दिवा घातला. कागद दोन जागी फाटला होता. ऐन पौषात पेरूच्या झाडावर कंदील चढताना पाहून शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "अंकल, दिवाली फिर से आ गई क्या?"

"हव," गंगाधरराव शिडीवरून म्हणाले. "माझी एक राहिली होती."

मग त्यांनी खाली उभ्या असलेल्या विजयाबाईंना सगळं सांगितलं. उजेडाचं, देवश्रीच्या फोनचं, कनकीचं, चहाच्या पातेल्याचंसुद्धा. चहाचं त्यांना आधीच माहीत होतं, कारण पातेलं त्यांनीच घासलं होतं.  मग विजयाबाईंनी रिकाम्या टोपलीत वाकून पाहिलं.

"आणि मॅडम?"

गंगाधरराव कंदिलाची दोरी आवळत राहिले. "हरिदासनं दार उघडून देलं होतं," ते म्हणाले. "मी हात पुढं केला. ते आत सरकली. नाही आली."

"शहाणी हाय," विजयाबाई म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनी शिडी धरली.